जाड्या-रड्याचा रंगीत सिनेमा: आवाज आहे, चित्र नाही

अर्धा_चहा

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात लॉरेल-हार्डी असं कधी कोणी म्हटलं नाही. जाड्या-रड्या. वडील आता ७९ वर्षांचे आहेत. डोळ्यांचा पडदा खराब झालाय, कडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. तरी रोज दुपारी जाड्या-रड्या लावून बसतात आणि ऐकतात. परवा म्हणाले, "अरे, यांचा एक रंगीत होता ना? तो बघ मिळतो का." म्हटलं स्वतःला नीट दिसत नाही आणि रंगीत कशाला हवाय! पण शोधायला बसलो आणि अडकलो.

तर असा सिनेमा खरंच होता. 'द रोग साँग', हॉलिवूडची एमजीएम कंपनी, जानेवारी १९३०. अख्खा रंगीत, अख्खा बोलपट, आणि गाण्यांनी भरलेला. मूळ व्हिएन्नातली संगीतिका, फ्रान्झ लेहारची, १९१० सालची, 'जिप्सी लव्ह' नावाने इंग्रजीत गेलेली. सिनेमा करताना गोष्ट जवळजवळ बदलून टाकली. नायक येगोर हा रशियातला गाणारा दरोडेखोर. एका राजकन्येच्या प्रेमात पडतो. तिच्या भावामुळे याच्या बहिणीचा जीव जातो, हा त्या भावाला मारतो, तिला पळवून नेतो, पुढे ती याला पकडून देते. जाड्या-रड्या त्याच्या टोळीत. मुख्य शूटिंग उरकल्यावर कुणाला तरी वाटलं की सिनेमा जड झालाय, म्हणून या दोघांचे प्रवेश नंतर घुसवले.

आता गंमत (खरं तर वाईट) अशी की हा सिनेमा उरलेला नाही. एक ट्रेलर, बॅलेचा एक तुकडा, जाड्या-रड्याचा तंबू आणि गुहेचा काही मिनिटांचा प्रवेश, असे तुकडे आहेत. पण आवाज पूर्ण आहे! पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तीन रात्री हेडफोन लावून तो ऐकला.

आणि आता मला वाटायला लागलंय की चित्र नाही सापडलं तरी चालेल. माझ्या डोक्यात जो सिनेमा झालाय तो बरा आहे. तुम्हाला काय वाटतं? असा सिनेमा 'आहे' म्हणायचा की 'नाही'?

टवाळखोर

रोग साँग? ऐकल्यावर लागण होते का? तीन रात्री म्हणजे तुम्हाला झालेली दिसते.

अर्धा_चहा

@टवाळखोर, हा विनोद येणार हे माहीत होतं, फक्त पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं. रोग म्हणजे इथे बदमाश, लफंगा.

खवट

"चित्र नाही सापडलं तरी चालेल" म्हणजे काय? उद्या म्हणाल की ताटात वरण-भात नाही तरी चालेल, फोडणीचा वास पुरे.

शिवाय स्पष्ट बोलतो. जाड्या-रड्या नसते तर हा सिनेमा आज कोणाच्या खिजगणतीत नसता. त्या काळी अशा संगीतिका आठवड्याला एक निघत होत्या. निम्म्या हरवल्या, कोणी रडलं नाही.

मंजुळा_ग

खवटराव, जाड्या-रड्या बाजूला ठेवा. या सिनेमाचा नायक लॉरेन्स टिबेट आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतला पुरुष गायक. १९२५ च्या जानेवारीत व्हेर्दीच्या 'फाल्स्टाफ'मध्ये हा पोरगा दुय्यम भूमिकेत होता. त्याचं एकट्याचं गाणं झालं आणि प्रेक्षकांनी खेळच थांबवला. सोबतचा सुप्रसिद्ध ज्येष्ठ गायक आधी बाहेर येऊन गेला, पण लोकांना हा हवा होता. तो येऊन एकट्याने वाकेपर्यंत टाळ्या थांबेनात. आपल्याकडचा वन्समोअर माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

'द रोग साँग' हा त्याचा पहिला सिनेमा, आणि पहिल्याच सिनेमाला ऑस्करचं सर्वोत्तम अभिनेत्याचं नामांकन. म्हणजे कोणीतरी रडलं असणारच.

आणखी एक. याचे वडील कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला पोलिसांत होते आणि १९०३ मध्ये एका दरोडेखोराशी झालेल्या चकमकीत मारले गेले. टिबेट तेव्हा सहा वर्षांचा. त्याच पोराने मोठेपणी पडद्यावर गाणारा दरोडेखोर केला. नाटककाराने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

खवट

हे माहीत नव्हतं. अर्धा शब्द मागे.

टवाळखोर

खवट यांनी अर्धा शब्द मागे घेतला. धागा वाचनखुणांत साठवला आहे.

दुरंगी_छाप

'अख्खा रंगीत' या शब्दावर थोडं बोलतो, कारण माझा धंदा छपाईचा आणि हा विषय माझ्या पोटातला.

१९३० चा टेक्निकलर (सिनेमा रंगीत करायची तेव्हाची पद्धत) म्हणजे दोन रंगांचा. तीन रंगांचा पुढे १९३२ ला आला, तोही आधी एका कार्टूनमध्ये. दोन रंगांच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे लोलक. तो प्रकाशाची फाळणी करतो, एक वाटा तांबड्या गाळणीतून, दुसरा हिरव्या गाळणीतून, आणि दोन्ही चित्रं एकाच वेळी एकाच काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पडतात. म्हणजे कॅमेऱ्यातून फिल्म दुप्पट वेगाने खर्च होते, आणि प्रकाश विभागला गेल्यामुळे दिवे इतके लागतात की सेटवर भट्टी.

मग त्या दोन चित्रांचे दोन साचे करायचे. एक साचा नारिंगी-तांबड्या रंगात भिजवायचा, दुसरा निळसर हिरव्यात, आणि कोऱ्या फिल्मवर एकामागून एक दाबायचे. ही सरळ सरळ छपाई आहे हो! रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसणं, जरा हललं की नटीच्या ओठांना हिरवी कड. आमच्याकडे पूर्वी दोन रंगांच्या लग्नपत्रिका यायच्या, लाल आणि हिरव्या. कागद ओलसर असला की गणपतीची सोंड एकीकडे आणि तिची लाल बॉर्डर दुसरीकडे. वडील लुंगीच्या टोकाने चष्मा पुसायचे, पत्रिका उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "चालेल. लग्न पुढे ढकलत नाहीत."

याच्याही आधीच्या पद्धतीत दोन फिल्म पाठीला पाठ लावून चिकटवायचे. प्रोजेक्टरच्या उष्णतेने ती जोडफिल्म वाटीसारखी वाकायची आणि पडद्यावरचं चित्र धूसर व्हायचं. १९२८ च्या सुमारास छपाईची पद्धत आल्यावर ते दुखणं गेलं आणि म्हणून लगेच १९२९-३० ला रंगीत सिनेमांची एवढी लाट आली.

आता मुद्द्याचं. दोन रंगांत कातडी छान येते. लाकूड, वीट, तांबूस-तपकिरी सगळं छान. पण शुद्ध निळा येत नाही, पिवळा येत नाही, जांभळा तर विसरा. आकाश हिरवट निळसर. शेवंतीचं फूल धरलं तर ते नारळाच्या खोबऱ्यासारखं दिसेल किंवा भगवट. त्यामुळे 'रंगीत' म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे येतं ते तेव्हाच्या लोकांनी पाहिलंच नाही.

रिळवाला

वाह! शेवंतीचं उदाहरण आवडलं.

माझे आजोबा टुरिंग टॉकीजमध्ये होते, जत्रेजत्रेत तंबू. पुढे वडील तालुक्याच्या टॉकीजला केबिनमध्ये. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून केबिनमध्ये बसलोय. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळताना येणारा वास मला अजून आवडतो, बायको म्हणते हे आजारपण आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर टिपका दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा टिपका दिसला की पालटायचं. एका रात्री वडिलांना डुलकी लागली आणि नायिका विहिरीत उडी मारणार इतक्यात पडदा पांढराफटक. लोकांनी तंबाखूच्या पुड्या फेकून मारल्या.

तुटलेल्या फिल्मचे तुकडे आम्हा पोरांना मिळायचे. विजेचा फुटका दिवा घ्यायचा, आतलं काढायचं, पाणी भरायचं, आरशाने ऊन पाडायचं, आणि दिव्यासमोर तुकडा धरला की भिंतीवर हिरो. काळ्या-पांढऱ्या तुकड्याला भाव नव्हता. एका रंगीत तुकड्याला चार गोट्या. तर तो तंबू आणि गुहेचा उरलेला तुकडा ऐकून मला एकदम तेच आठवलं. अख्खा सिनेमा गेला आणि एका पोराच्या खिशातला तुकडा राहिला.

टवाळखोर

रिळवाला, टॉकीजवर स्वतंत्र धागा काढा. हुकूम समजा.

नवशिका

मला एक समजत नाही. आवाज पूर्ण आहे, ट्रेलर आहे, तुकडे आहेत, फोटो असणारच. आता एआयने पूर्ण सिनेमा पुन्हा उभा करता येईल की. दोन-तीन वर्षांत घरच्या संगणकावर होईल. मग हरवलेला सिनेमा ही भानगडच संपली.

खवट

त्याला पुन्हा उभा करणं म्हणत नाहीत, दुसराच सिनेमा करणं म्हणतात. आजोबांचा आवाज टेपवर आहे म्हणून शेजारच्या माणसाला धोतर नेसवून ओठ हलवायला लावाल का?

नवशिका

काका, इतकं चिडायचं काय आहे. मूळ फोटोंवरूनच करणार ना.

दुरंगी_छाप

नवशिका, चिडत नाही. पण एक सांग. तुझं एआय आकाश कुठल्या रंगाचं करेल?

नवशिका

निळं. ऑफ कोर्स.

दुरंगी_छाप

संपलं. त्या सिनेमात आकाश निळं नव्हतंच.

टवाळखोर

*मैदान सोडून शेंगदाणे विकत घ्यायला गेलो आहे*

मंजुळा_ग

या उत्तरावर दुरंगींना माझ्याकडून एक किलो आळूच्या वड्या.

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. मीही हा आवाज ऐकलाय, निदान गाणी तरी. आपल्याकडे संगीत नाटक आणि तिकडे ही संगीतिका, दोन्ही अगदी एका वयाची. लेहारची ही व्हिएन्नात जानेवारी १९१० ला आली, आपलं 'मानापमान' मार्च १९११ ला मुंबईत. दोन्हीकडे लोक गोष्टीसाठी येत नव्हते, गाण्यासाठी येत होते. गोष्ट ही गाण्यांना टांगायची खुंटी. आणि दोन्हीकडची नाटकमंडळी बोलपट आल्याबरोबर तिकडे गेली. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे १९३२ ला प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्र झाले.

आता 'द रोग साँग'मधला सगळ्यात प्रसिद्ध प्रवेश बघा. राजकन्या येगोरला पकडून देते, त्याला बांधून फटके मारतात, आणि तो फटके खाता खाता गातो. फटका, ओळ, फटका, ओळ. समीक्षकाला हसू येईल. आपल्याला येणार नाही. आपण विष पिऊन आडवा झालेला नायक वन्समोअर आला म्हणून उठून परत गाताना बघितलाय, निदान ऐकलाय.

पण एक फरक. नाटकात गायक प्रेक्षकाकडे बघून गातो, लोक दाद देतात, तो ताना वाढवतो. सिनेमात टाळ्या पडल्या तरी येगोर थांबत नाही. नुसता आवाज ऐकताना मला हे फार जाणवलं. गाणं संपतं आणि लगेच घोड्यांच्या टापा. टाळीला जागाच ठेवलेली नाही. म्हणून मला चित्र हवंय. त्या क्षणी टिबेटचा चेहरा कसा होतो ते बघायचंय. फटके खाल्ल्यासारखा, की टाळीची वाट बघणाऱ्यासारखा?

अर्धा_चहा

मंजुळाताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी तर त्या प्रवेशात चेहरा वगैरे काही पाहिलाच नाही मनात, नुसता चाबूक.

पिंपळपान

उशिरा आलो. चार गोष्टी.

हे सिनेमे हरवले कसे? लोकांना वाटतं आग. एमजीएमच्या कल्व्हर सिटीतल्या वॉल्ट ७ ला, म्हणजे फिल्म ठेवायच्या कोठाराला, १९६५ साली आग लागली हे खरं, आणि त्यात लॉन चेनीच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट'सारखे मूकपट गेले. 'द रोग साँग'चं नावही त्याच यादीत घेतलं जातं. पण आग हे शेवटचं कारण. खरं कारण कंटाळा. १९३० च्या अखेरीस अमेरिकेत लोक संगीतपटांना इतके विटले की थिएटरवाले पाटी लावायचे, यात गाणी नाहीत. दोन रंगांच्या सिनेमाला पुन्हा लावायला कोण घेणार? नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फिल्म जपायची म्हणजे जागा, थंडावा, आगीचा धोका, खर्च. ज्याला बाजार नाही त्याच्यावर कोण करणार? शिवाय फिल्ममध्ये चांदी असते, ती काढायला फिल्म मोडीत जायची.

वॉर्नर या दुसऱ्या कंपनीचे काही सिनेमे बचावले ते टीव्हीमुळे. १९५० च्या दशकात टीव्हीसाठी त्यांच्या जुन्या सिनेमांच्या काळ्या-पांढऱ्या प्रती निघाल्या. म्हणून 'ऑन विथ द शो!' हा पहिला पूर्ण रंगीत पूर्ण बोलपट आज बघता येतो, पण काळा-पांढरा. 'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे' हा १९२९ चा, तोही नाटकावरून. त्याची शेवटची रिळं तेवढी रंगीत उरलीत, बाकी आवाज. म्हणजे धागाकर्ता म्हणतो ती अवस्था एकट्या 'रोग'ची नाही.

आवाज का टिकला? तेव्हा बऱ्याच थिएटरांत फिल्मवर नव्हे तर तबकड्यांवर आवाज जायचा. १६ इंची तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे, एका रिळाला एक. सुई आतून बाहेर जायची, ग्रामोफोनच्या उलट. फिल्म आणि तबकडी वेगवेगळ्या कपाटांत, त्यामुळे एक मेली तरी दुसरी जगली.

आणि आपण हसायचं कारण नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ ला निघालं. पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून रिळं मिळवली म्हणून 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन' आज काही प्रमाणात आहेत. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' मात्र नाहीच. आणि जानेवारी २००३ ला पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली.

टवाळखोर

चार म्हणाले आणि चारच सांगितल्या. असा सदस्य विरळा.

कोल्हापुरी_पायताण

'आलम आरा' पण नाटकावरूनच होता की. पारशी रंगभूमीवरचा. पण रंगीत नव्हता.

बाकी आमच्या कोल्हापूरकरांचा पण एक रंगीत प्रकार झालाय, विसरू नका. प्रभातचा 'सैरंध्री', १९३३. शांतारामबापू सिनेमा घेऊन जर्मनीला गेले रंगीत करायला. रंग भडक उतरले आणि पैसे पाण्यात. तो पहिला भारतीय रंगीत सिनेमा.

पिंपळपान

पायताणराव, पहिला देशी रंगीत म्हणून नाव 'किसान कन्या'चं घेतात. १९३७, अर्देशीर इराणी. कारण 'सैरंध्री'चं रंगाचं काम जर्मनीत झालं.

कोल्हापुरी_पायताण

म्हणजे पोरगं कोल्हापूरचं, पण बारसं जर्मनीत झालं म्हणून आमचं नाही? वा रे न्याय.

खवट

धाग्याचं काश्मीर होणार. आता लवकरच बाबूराव पेंटर येतील.

कोल्हापुरी_पायताण

येणारच! त्यांच्या १९२० च्या मूक 'सैरंध्री'ला खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चा आधार, आणि तो सिनेमा बघून टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' म्हटलं. ज्या नाटकावर इंग्रजांनी १९१० ला बंदी घातली त्याची गोष्ट दहा वर्षांत पडद्यावर, आणि त्यानंतर तेरा वर्षांत रंगात. हे तुमच्या दरोडेखोराच्या गाण्यापेक्षा भारी आहे. हलके घ्या.

अर्धा_चहा

पायताणराव, 'सैरंध्री'वर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे मला परत दरोडेखोराकडे जाऊ द्या.

बे_एरियातला_बंड्या

अर्धा_चहा, तुमच्या बाबांना सांगा की जाड्या-रड्या रंगीत बघायला मिळतात. 'द ट्री इन अ टेस्ट ट्यूब', १९४३, अमेरिकन सरकारच्या वनखात्याने काढलेला छोटा माहितीपट. दोघं रस्त्यात उभे राहून खिशांतून आणि बॅगेतून वस्तू काढत राहतात, आणि निवेदक सांगतो की हेही लाकडापासून, तेही लाकडापासून. हार्डीचा चेहरा अगदी गुलाबी आहे.

पण दोघं बोलत नाहीत. फक्त निवेदक बोलतो.

अर्धा_चहा

बंड्या, थांबा. म्हणजे एका ठिकाणी आवाज आहे आणि रंग नाहीत, आणि दुसऱ्या ठिकाणी रंग आहेत आणि आवाज नाही?

बे_एरियातला_बंड्या

होय. अगदी त्यांनीच ठरवून केल्यासारखं.

टवाळखोर

जाड्या म्हणाला असणार, "बघ काय करून ठेवलंस!" आणि रड्या डोकं खाजवत रडला असणार.

नवशिका

ओके, मी माझा एआयचा मुद्दा मागे घेत नाहीये, पण बदलतोय. निळं आकाश वगळून, दोन रंगांच्या हिशोबाने केलं तर? दुरंगी काका?

दुरंगी_छाप

तर तू चांगला छापखाना काढशील. पण टिबेटचा चेहरा कसा करशील? मंजुळाताईंनी विचारलाय तो. फटक्याचा की टाळीचा?

नवशिका

…विचार करतो.

खवट

या पोराला मी नाहक झापलं. विचार करतो म्हणणारा माणूस इथे वर्षातून एकदा येतो.

रिळवाला

दोन दिवसांनी परत आलोय. वडिलांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, पूर्वी कंपनीकडे परत न गेलेली प्रत भंगारात जायची, आणि भंगारवाला आधी वास घ्यायचा. जुन्या फिल्मला कापरासारखा वास आला की नायट्रेट, ती तो घरात ठेवायचा नाही. व्हिनेगरसारखा वास आला की पुढच्या काळातली, तीही गेलेलीच. त्यांनी एकदा एक डबा उघडला होता, आतली फिल्म गुळाच्या ढेपेसारखी एकजीव. वरचे दोन-तीन वेढे सुटले, त्यात एका बाईचा हात. बाकी गूळ.

कोणता सिनेमा होता विचारलं तर म्हणाले, "हाताला नाव नव्हतं."

मंजुळा_ग

रिळवाला, हे वाचून थोडा वेळ स्क्रीन खाली केली.

अर्धा_चहा

मंडळी, अपडेट. आज दुपारी वडिलांना तो तंबूचा प्रवेश ऐकवला. फोन त्यांच्या उशाशी ठेवला, आणि उरलेला तुकडा मी लॅपटॉपवर समोर लावला, आवाज बंद करून. म्हटलं मी बघून सांगतो, तुम्ही ऐका.

वादळ सुरू झालं. "काय झालं?" तंबू उडाला. "दोघांचा?" दोघांचा. "बरोबर." मग ते दोघं गुहेत शिरतात, आणि गुहेत शिरल्यावर पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. काळोख. इतक्या खटपटीने उरलेला जगातला एवढासा रंगीत जाड्या-रड्या, आणि त्यातला बराचसा काळा.

वडिलांनी विचारलं, "आता काय दिसतंय?" मी म्हटलं, "काही नाही बाबा. अंधार." ते म्हणाले, "मग तू पण ऐक."

मी लॅपटॉप मिटला. गुहेत अस्वल आहे. हार्डीचा हात त्याला लागतो आणि तो लॉरेलला विचारतो, हा फरचा कोट कुठून आणलास? लॉरेल म्हणतो, माझ्याकडे कोट नाहीच. वडील इतके हसले की ठसका लागला, आई पाणी घेऊन धावत आली आणि मलाच ओरडली. मग म्हणाले परत लाव. चार वेळा लावला.

मंजुळाताई, वन्समोअर झाला.

मंजुळा_ग

पोचला.

टवाळखोर

सगळं छान आहे, पण अस्वलाचा रंग कोणी सांगेल का?

दुरंगी_छाप

दिसलं असतं तर तपकिरी. दोन रंगांत तपकिरी झकास येतो.